काळ्या चेहऱ्यावरचा उजेड : 'किलर ऑफ शीप'चे छायालेखन

१

चित्रपटाविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतांशी कथेविषयी लिहिले जाते. कथानक पुरोगामी की प्रतिगामी, शेवट आशेचा की निराशेचा, नायक आपला की परका, एवढे तपासले की समीक्षेचे काम संपले असे आपण मानतो. कॅमेरा हे यंत्र आहे, यंत्राला जात नसते, तेव्हा छायालेखनाची चर्चा तंत्रज्ञांनी करावी, असा समज त्यामागे आहे. आपल्या चळवळीतल्या अभ्यासकांनीही हा समज फारसा तपासलेला नाही. साहित्याच्या बाबतीत आपण असे गप्प बसलो नव्हतो. तिथे आपण थेट भाषेलाच प्रश्न विचारला. प्रमाण मराठी कोणाची, सुंदर-असुंदराची मापे कोणी ठरवली, हे विचारूनच आपण पुढे गेलो. मग प्रकाशाची मापे कोणी ठरवली, हे आपण का विचारू नये?

हा प्रश्न नेमकेपणाने विचारायला भाग पाडणारा एक चित्रपट अमेरिकेत झाला. त्याचे नाव 'किलर ऑफ शीप', म्हणजे मेंढ्या मारणारा. चार्ल्स बर्नेट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने तो लिहिला, दिग्दर्शित केला, त्याचे छायालेखन आणि संकलनही स्वतःच केले. दहा हजार डॉलरांहून कमी पैशांत, सोळा मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर, मुख्यतः १९७२ आणि १९७३ मध्ये शनिवार-रविवारच्या सुट्ट्यांत त्याचे चित्रण झाले. १९७७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तो पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध म्हणून सादर झाला. चित्रण सुरू झाले ते १९७२ साल आपल्याही इतिहासात महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिने आपले नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या संघटनेवरून घेतले. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्यांनी काळ्यांच्या साहित्याची ओळख आपल्याला करून दिली. काळ्यांच्या कॅमेऱ्याची ओळख मात्र राहूनच गेली.

२

बर्नेटचा जन्म १९४४ सालचा, मिसिसिपी राज्यातल्या विक्सबर्गचा. लहानपणीच त्याचे कुटुंब दक्षिणेतून उठून लॉस एंजेलिसच्या वॉट्स या वस्तीत आले. मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून उठून मुंबईच्या गिरण्यांकडे आणि गोदीकडे गेलेल्या आपल्या माणसांना या प्रवासाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ऑगस्ट १९६५ मध्ये वॉट्स पेटले. सहा दिवसांत चौतीस माणसे मेली. त्यानंतर वॉट्स हे नाव जगभर गेले ते जळत्या दुकानांच्या आणि बंदूकधारी शिपायांच्या छायाचित्रांतून. वस्ती पेटली तरच तिच्याकडे कॅमेरा वळतो, हा अनुभव आपल्यालाही आहे. खैरलांजी घडल्याशिवाय (२००६) त्या गावाकडे कोणाचा कॅमेरा गेला होता?

बर्नेट आधी लॉस एंजेलिस सिटी कॉलेजात इलेक्ट्रिशियन होण्यासाठी शिकत होता. पुढे तो विद्यापीठाच्या चित्रपट विभागात गेला. तिथे बेझिल राइट या ब्रिटिश माहितीपटकाराचा प्रभाव त्याच्यावर पडला. त्याच विभागात त्या काळात हैले गेरिमा, बिली वुडबेरी असे कृष्णवर्णीय विद्यार्थी एकमेकांच्या चित्रपटांवर राबत होते. एकाने लिहायचे, दुसऱ्याने कॅमेरा धरायचा. गेरिमाच्या 'बुश मामा'च्या छायालेखनात बर्नेटचा हात आहे. समीक्षकांनी या गटाला पुढे 'एल. ए. रिबेलियन', म्हणजे लॉस एंजेलिसचे बंड, असे नाव दिले.

'किलर ऑफ शीप'चा नायक स्टॅन हा कत्तलखान्यातला कामगार. हेन्री गेल सँडर्सने ही भूमिका केली आहे. त्याला झोप येत नाही. बायकोच्या जवळ जाणे त्याला जमत नाही. गरम चहाचा पेला तो गालाला लावतो आणि त्या उबेत त्याला हरवलेली जवळीक आठवते. तो स्वतःला गरीब म्हणवून घ्यायला तयार नाही. आपण धर्मादाय संस्थेला वस्तू देतो, मग गरीब कसे, असे तो विचारतो. आजूबाजूला मुले दगड फेकत, धुळीत लोळत, रुळांवर खेळत वाढत आहेत. रूढ अर्थाने कथानक म्हणावे असे यात थोडेच आहे. जे आहे ते कॅमेऱ्याने पाहिलेले आहे. म्हणून हा चित्रपट समजून घ्यायचा तर छायालेखनापाशीच थांबावे लागते.

३

आधी पैशांचा हिशेब पाहू, कारण तो या चित्रपटाच्या रूपाचा भाग आहे. सोळा मिलिमीटरच्या चारशे फुटी रिळात अकरा मिनिटांचे चित्रण मावते, शंभर फुटी रिळात पावणेतीन मिनिटांचे. कच्ची फिल्म विकत घ्यायची, ती प्रयोगशाळेत धुवून घ्यायची, तिची प्रत काढायची, प्रत्येक फुटाला पैसा. मोठ्या स्टुडिओत एकच प्रसंग पाच बाजूंनी, दहा वेळा टिपला जातो आणि काय ठेवायचे ते संकलनाच्या टेबलावर ठरते. हाताशी फुटांची संख्या मोजकी असेल तेव्हा हा निर्णय आधीच घ्यावा लागतो. कॅमेरा कुठे ठेवायचा, किती वेळ ठेवायचा आणि मुख्य म्हणजे कशाकडे वळवायचा नाही, हे चित्रणापूर्वी ठरते.

बर्नेटकडे भाड्याची क्रेन नव्हती, रस्ता अडवायला पोलीस नव्हते, दिव्यांचा ताफा नव्हता. माणसे वस्तीतलीच होती, बहुतेकांनी आधी कधी अभिनय केलेला नव्हता. तांत्रिक मदतीलाही वस्तीतल्याच मुलांना घेतले होते. याचा परिणाम चौकटीत दिसतो. कॅमेरा मुलांच्या उंचीवर उतरतो, दारातून किंवा कोपऱ्यातून पाहतो, घरात पाहुण्याने उभे राहावे तितक्याच अंतरावर उभा राहतो.

मात्र इथे एका सापळ्यापासून सावध राहिले पाहिजे. साधनांची कमतरता हाच सच्चेपणाचा दाखला, असे मानणारी एक अभिजन दृष्टी आहे. तिला हलणारा कॅमेरा, दाणेदार फिल्म, अंधुक प्रकाश पाहिला की वास्तव गवसल्यासारखे वाटते. झोपडी जितकी काळोखी तितका चित्रपट खरा! ही दृष्टी आपल्याला नको. दलित आत्मकथने आली तेव्हाही 'अनघड', 'रांगडे', 'ओबडधोबड' अशा विशेषणांनी त्यांचे कौतुक झाले आणि त्या कौतुकात लेखकाचे लेखनकौशल्य मात्र नाकारले गेले. बर्नेटच्या छायालेखनाला 'साधे' म्हणणे हे त्याच जातीचे कौतुक आहे. पैसे नव्हते म्हणून ते असे झाले नाही. पैसे नसताना काय करायचे हे त्याला नीट माहीत होते, म्हणून ते असे झाले. तो प्रकाश शिकला होता.

४

प्रकाश शिकणे म्हणजे काय, हे थोडे उलगडून सांगतो. वस्तूवरून परतणारा उजेड मोजणारा प्रकाशमापक एक गोष्ट गृहीत धरतो. समोरच्या दृश्याची सरासरी मधल्या करड्या रंगाइतकी आहे आणि त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे अठरा टक्के परत येतो, हे ते गृहीतक. गोरा चेहरा यापेक्षा अधिक प्रकाश परत पाठवतो, काळा चेहरा कमी. काळा माणूस उजळ खिडकीपुढे उभा राहिला की यंत्र खिडकीचे ऐकते आणि चेहरा बुडतो. अशा वेळी छायालेखकाला ठरवावे लागते की एक्सपोजर कोणासाठी द्यायचे, बाहेरच्या आकाशासाठी की आतल्या माणसासाठी? यंत्राला जात नसेल, पण त्याच्या सरासरीत कोणाला धरले आहे हा प्रश्न उरतोच.

रंगीत छायाचित्रणात तर हे उघडच झाले. प्रयोगशाळांत रंगांचा मेळ तपासण्यासाठी जे नमुनाचित्र वापरले जाई ते दशकानुदशके एका गोऱ्या स्त्रीचे असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. लॉर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासिकेने याचा इतिहास मांडला आहे. तपकिरी छटा फिल्मवर नीट उमटत नाहीत ही तक्रार कंपनीने गंभीरपणे घेतली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिरातवाल्यांनी केली तेव्हा. माणसांच्या चेहऱ्यांना तेवढेही वजन नव्हते. कृष्णधवल फिल्मला हा रंगांचा दोष लागू होत नाही, हे खरे. पण प्रकाश कसा टाकावा, चेहरा कितपत उजळावा याच्या ज्या सवयी स्टुडिओंत आणि पुस्तकांत मुरल्या होत्या त्या गोऱ्या चेहऱ्यांवर बेतलेल्या होत्या.

आपल्याकडे काय झाले? अस्पृश्य मुलीवरचा 'अछूत कन्या' (१९३६) आला तेव्हा ती भूमिका देविकाराणीने केली. 'सुजाता' (१९५९) मध्ये नूतनचा चेहरा रंगभूषेने सावळा केला गेला. हेतू सहानुभूतीचा होता हे मान्य. पण सावळेपणा हा गोऱ्या चेहऱ्यावर चढवण्याचा आणि रात्री धुऊन टाकण्याचा रंग ठरला. आमच्या घरात महाविद्यालयापर्यंत पोचलेला मी पहिला. प्रवेशअर्जासाठी तालुक्याच्या गावी फोटो काढला तेव्हा स्टुडिओवाल्याने न विचारता संगणकावर माझा चेहरा दोन छटा उजळ केला. त्याचे त्याने जादा पैसे घेतले नाहीत. त्याच्या मते तो उपकार होता. आजही माझ्या वर्गातल्या मुलामुलींचे मोबाइल हाच उपकार फुकट करतात.

बर्नेटचा कॅमेरा असा उपकार करत नाही. त्याच्या चित्रपटात काळी त्वचा एकाच काळ्या रंगाची नाही. तिच्यात घामाची चमक आहे, गालफडाची सावली आहे, धुळीचा करडा थर आहे. एका काळ्या माणसाचा काळा दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे. ज्या समाजाने यांना 'काळे' या एका शब्दात कोंबले, त्या समाजाला हा कॅमेरा माणसागणिक छटा मोजायला लावतो. माझ्या मते या चित्रपटाचा सगळ्यात मोठा विद्रोह इथे आहे.

५

तीन प्रसंग पाहू.

पहिला मुलांचा. दोन इमारतींमध्ये मोकळी फट आहे आणि मुले एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारत आहेत. कॅमेरा खाली जमिनीवर उभा राहून वर पाहतो. उजळ आकाशाच्या पट्टीवरून एकामागून एक देह पलीकडे जातात. इथे एक्सपोजर आकाशासाठी आहे, देह केवळ काळी आकृती होतात आणि ते योग्यच आहे, कारण इथे चेहऱ्यांना अर्थ नाही, झेपेला आहे. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि त्याच क्षणी त्याला ती झेप सुंदरही वाटते. वस्तीतल्या बालपणात भीती आणि मौज अशी एकाच उडीत असते. बाहेरून आलेल्या कॅमेऱ्याने यातली एकच निवडली असती.

दुसरा प्रसंग नाचाचा. घरात स्टॅन आणि त्याची बायको डायना वॉशिंग्टनच्या गाण्यावर सावकाश नाचतात. स्टॅन उघड्या अंगाने आहे. मागे खिडकी आहे आणि उजेड तिथून येतो. कॅमेरा हलत नाही, जवळ जात नाही, मध्ये तोडत नाही. बायकोचे हात त्याच्या पाठीवर फिरतात, ती त्याला ओढून घेऊ पाहते. गाणे संपते आणि तो निघून जातो. ती खिडकीपाशी उरते. स्टुडिओच्या रीतीने इथे डोळ्यांतले पाणी दाखवायला कॅमेरा पुढे सरकला असता. बर्नेट सरकत नाही. इतके दुःख दिसत असताना दूर उभे राहणे, हे ज्याला त्या घराची अब्रू कळते त्यालाच सुचते.

तिसरा प्रसंग इंजिनाचा. स्टॅन आणि त्याचा मित्र जुन्या मोटारीचे इंजिन विकत घेतात. दोघे ते धूड जिन्यावरून कसेबसे खाली उतरवतात आणि छोट्या ट्रकच्या मागच्या कडेवर ठेवतात. ट्रक चढावर सुरू होताच इंजिन घसरून रस्त्यावर आदळते आणि निकामी होते. आता कॅमेरा ट्रकच्या मागच्या बाजूला आहे. ट्रक पुढे जातो आणि रस्त्यावर पडलेले इंजिन लहान लहान होत जाते. कोणी रडत नाही, संगीत दाटून येत नाही. आठवड्याच्या मजुरीतून उचललेला पैसा मागे पडत जाताना आपण पाहतो. श्रम करूनही हाती काही न लागणे यावर आपण कितीतरी भाषणे ऐकली आहेत. इथे ते सारे ट्रकवर ठेवलेल्या एका कॅमेऱ्याने सांगितले आहे, आणि त्यासाठी ट्रकच्या भाड्याखेरीज खर्च नाही.

कत्तलखान्याची दृश्ये या सगळ्यांच्या मध्ये येत राहतात. मेंढ्यांचे कळप हाकले जातात, उलट्या टांगल्या जातात, सोलल्या जातात. त्यांच्याशेजारी मुलांची दृश्ये ठेवलेली आहेत. ही मुले कुठल्या वाटेने हाकली जात आहेत, हे कोणी बोलून दाखवत नाही. ज्या जातींच्या माथी मेलेले ढोर ओढणे आणि सोलणे मारले गेले, त्यांना ही दृश्ये पाहताना वेगळे काही आठवल्याशिवाय राहणार नाही. पण घाईने समीकरण मांडू नये. स्टॅनचे काम हलके आहे, त्याला पोखरणारे आहे, तरी ते मजुरीचे काम आहे. ते त्याच्या बापाने त्याला जन्मासोबत दिलेले नाही आणि ते सोडायला त्याला महाडसारखी परिषद भरवावी लागत नाही. वर्ण आणि जात यांतले हे अंतर कॅमेऱ्यातही दिसते. 'फँड्री'त (२०१३) जब्या डुक्कर पकडतो तेव्हा भोवती गाव जमून हसत असते. तिथे अपमान हा पाहणाऱ्यांच्या नजरेत आहे, म्हणून कॅमेऱ्याला ती नजर दाखवावी लागते आणि शेवटचा दगडही त्याच दिशेने यावा लागतो. स्टॅनच्या कत्तलखान्यात कोणी प्रेक्षक नाही. त्याचा शत्रू चौकटीच्या बाहेर आहे.

६

या चित्रपटावर आपल्या बाजूने दोन आक्षेप येऊ शकतात.

पहिला विद्रोहाचा. वॉट्सचा उठाव होऊन सात वर्षे झाली असताना इथे मोर्चा नाही, घोषणा नाही, गोऱ्या पोलिसाची लाठी नाही. मग हा चित्रपट वेदनेपाशीच थांबतो काय? वर म्हटल्याप्रमाणे मला तसे वाटत नाही. नकार हा शब्दांतच असतो असे नाही. पांढऱ्यांच्या छायाचित्रांनी वॉट्सला आग आणि गुन्हेगारी एवढेच रूप दिले होते. ते रूप नाकारून स्वयंपाकघर, नाच, मुलांचा खेळ दाखवणे हाही नकारच. तथापि आक्षेपात तथ्य आहे ते असे, की इथे माणसे एकत्र येऊन काही करताना दिसत नाहीत. ज्यांना संघटनेचे चित्र हवे त्यांना ते दुसरीकडे शोधावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्टॅनच्या बायकोला नाव नाही. श्रेयनामावलीतही ती 'स्टॅनची बायको'च आहे. केसी मूर या अभिनेत्रीने ती ताकदीने उभी केली, गुन्ह्याची लालूच घेऊन दाराशी आलेल्या माणसांना तीच खडसावते, कॅमेराही तिच्याविषयी हळवा आहे. पण हळवेपणा म्हणजे समता नव्हे. घरातल्या बाईला चेहरा द्यायचा आणि नाव द्यायचे नाही, ही खोड आपल्या पुरुषांच्या कितीतरी आत्मकथनांतही आहे. बर्नेटच्या बाजूने एवढे म्हणता येते की ही वाट त्याने पुढे चालली. बिली वुडबेरीचा 'ब्लेस देअर लिटल हार्ट्स' (१९८३) त्यानेच लिहिला आणि त्याचे छायालेखनही त्यानेच केले. त्यात केसी मूरच्या पात्राला अँडेस हे नाव आहे, आणि स्वयंपाकघरात बेकार नवऱ्याशी होणारे तिचे भांडण जवळजवळ दहा मिनिटे न तोडता चित्रित केले आहे. अकरा मिनिटांचे रीळ अख्खे एका बाईच्या संतापाला द्यायचे, हा कमी पैशांतल्या छायालेखकाचा निर्णय आहे. त्याची किंमत फुटांत मोजता येते.

७

चित्रपट कमी पैशांत होतो, पण त्याची बाकी पुढे चुकवावी लागते. 'किलर ऑफ शीप'ला १९८१ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायच्या चित्रपटांत त्याची नोंद केली. तरीही तो चित्रपटगृहांत रीतसर लागला २००७ मध्ये, पूर्ण झाल्यानंतर तीस वर्षांनी. कारण त्यातली गाणी. पॉल रोबसन, डायना वॉशिंग्टन अशा काळ्या गायकांचे आवाज त्यात आहेत, पण त्या गाण्यांचे हक्क विद्यार्थ्याने घेतलेले नव्हते. ते मिळवायला अखेरीस सुमारे दीड लाख डॉलर लागले. म्हणजे चित्रपटाच्या खर्चाच्या पंधरापट. काळ्यांच्या वस्तीचे चित्र काळ्यांच्याच गाण्यासह दाखवायचे तर आधी कंपन्यांची परवानगी! दरम्यान सोळा मिलिमीटरच्या मोजक्या प्रती महाविद्यालयांतून आणि संग्रहालयांतून फिरत राहिल्या. विद्यापीठाच्या संग्रहालयाने तो दुरुस्त करून पस्तीस मिलिमीटरवर आणला म्हणून तो वाचला. २०१७ मध्ये बर्नेटला मानद ऑस्कर देण्यात आले. ज्या उद्योगाने त्याला उमेदीच्या वर्षांत दारात उभे केले नाही, त्याने वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्याचा सत्कार केला.

८

आता हे आपल्याला कशासाठी? आज कच्ची फिल्म विकत घ्यावी लागत नाही. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक वसतिगृहात कॅमेरा आहे. भीमजयंतीची मिरवणूक शंभर मोबाइलांतून टिपली जाते. अत्याचाराची चित्रे तर काही मिनिटांत देशभर जातात. कॅमेऱ्याची किंमत उतरली, म्हणून आपली नजर आपोआप तयार झाली काय? आपणही पेटलेल्या घराकडेच कॅमेरा वळवतो. आपल्या चेहऱ्यांवर आपणच उजळपणा चढवतो. दुपारी अंगणात भांडी घासणाऱ्या आईकडे दहा मिनिटे पाहावे, असे आपल्यातल्या कितीजणांना वाटते?

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. आपल्या अभ्यासवर्गांत कवितेच्या बरोबरीने चित्रपट पाहिले जावेत आणि चर्चा कथेपाशी न थांबता चौकटीवर आणि उजेडावर व्हावी. छायालेखन शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींना 'हे आपले क्षेत्र नाही' असे सांगून बी.एड.कडे वळवण्याचे आम्हा प्राध्यापकांनी थांबवावे. आणि चळवळीतल्या घराघरांत पेट्यांमध्ये, कपाटांवर पडलेल्या जुन्या फिती, कॅसेटी, निगेटिव्ह नष्ट होण्यापूर्वी गोळा कराव्यात, त्यांतल्या गाण्यांचे आणि चित्रांचे हक्क कोणाकडे आहेत हे आजच लिहून ठेवावे. तीस वर्षांनी त्यासाठी कोणापुढे हात पसरण्याची पाळी येऊ नये.

भाषेचे प्रश्न आपण विचारले तेव्हा प्रस्थापितांनी ते साहित्यबाह्य ठरवले होते. उजेडाचे प्रश्नही तंत्रबाह्य ठरवले जातील. त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. आपला चेहरा यंत्राच्या सरासरीत बसत नसेल तर एक्सपोजर कोणासाठी द्यायचे, हे आपल्या हाताने ठरवायला शिकले पाहिजे.